दिलावरभाईच्या घरी सापडलेल्या कांड्या

दिलावरभाई विहिरीत सुरुंग लावायचा. तेलगावच्या अंगानं कुठं कातळ लागला की लोक त्यालाच बोलवायचे. भोक पाडायचा, जिलेटिनची कांडी ठासायचा, वात पेटवून वर यायचा अन् पोराबाळांना वरडून लांब पिटाळायचा. त्याच्या हातानं कधी कुणाला खडा लागला न्हाई. माणूस असा गरीब, की चहा दिला तर कपबशी विसळून परत करायचा.

त्या साली सिंदफणा पार आटली. आमच्या पाणी सहकारी संस्थेनं विहीर खोल करायला काढली. चेअरमन सुंदरराव. ह्याचं नाव घेतलं की माझं तोंड कडू होतं, पण सांगते. परवाना संस्थेचा, कांड्या ह्यानंच आणलेल्या. आमच्याकडं रीत हाय, ज्याची विहीर त्यानंच उरलेल्या कांड्या सांभाळायच्या. पण ह्याच्या घरी लेकीचं लग्न. "दिलावर, मांडवाच्या घरात ही पीडा नको, तुझ्याकडं राहू दे," म्हणला. दिलावरभाई भिडस्त. पिशवी घेऊन घरी गेला.

तेवढ्यात लांब कुठल्यातरी शहरात स्फोट झाला. पोलिसांना कुणीतरी धरून दाखवायचं होतं. दुष्काळात निम्म्या तालुक्याच्या घरात कांड्या व्हत्या, पण झडती दिलावरच्याच घराची. कावून, ते तुमालाबी कळतंय. लावला टाडा, अतिरेक्यांसाठीचा कायदा! त्यात जामीन मिळंना, अन् पोलिसाच्या साहेबापुढं दिलेला जबाब कोर्टात खरा धरायचा. दिलावरभाईनं सही कशावर केली, त्यालाच ठाऊक न्हाई. हात सुजवून घेतलेली सही ती.

त्याची बायको अजमतबी माझी शेजारीण. तिला घेऊन मी सुंदररावाच्या दारात गेले. म्हणलं, "अण्णा, कोर्टात एवढंच सांगा, कांड्या संस्थेच्या व्हत्या. माणूस घरी येईल."

हा बाबा पानाला चुना लावत म्हणतो, "केसरबाई, देशाचा मामला हाय. आपण मधी पडू न्हाई."

देशाचा मामला म्हणे! दिलावरची बाजू घेतली तर कारखान्याच्या निवडणुकीत ह्याचं पॅनेल पडलं असतं, दुसरं काय! थू असल्या पुढारपणावर!

पुढं वर्षं गेली अन् दिल्लीनं टाडाच गुंडाळला. आमाला वाटलं, सुटला दिलावरभाई. तर वकील म्हणला, कायदा संपला, पण जुन्या केसा चालूच. म्हंजे सासू मेली तरी जाच हायच! सरकारनं असल्या केसा तपासायला समिती बशिवली. समिती आली, बिस्किटं खाल्ली अन् गेली. ज्या साहेबानं धरलं, तो तवर बढती घेऊन बसला व्हता.

शेवटी कांड्या विकणारा बद्रीनाथ शेठ साक्षीला उभा राहिला. म्हणला, "माल सुंदररावांनी नेला." जज्जानं दिलावरभाईला निर्दोष सोडलं. तो बाहेर आला तेव्हा मी वळखलंच न्हाई. दाढी पांढरी झालती, अन् धड चालता येत नव्हतं. अजमतबीनं त्याला बाकावर बशिवलं अन् सरळ सरकारी वकिलापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, आता शिक्षा कुणाला व्हणार?"

वकील हसला. "अहो बाई, सरकारला कुठं शिक्षा असते का?"

अजमतबी म्हणली, "आमी कायबी केलं नव्हतं, तरी झाली. त्यांनी तर केलंय. मग त्यांना कावून न्हाई?"