तीन वाकलेल्या पिना

सदाशिव आवटी चौतीस वर्षं चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं जुळवत होते. शास्त्रज्ञ कागदावर आकृती काढायचे, वर्कशॉपमध्ये सुटे भाग तयार व्हायचे, आणि भिंगं, आरसे, तारा असं सगळं एका पेटीत बसवून यंत्र चालतं करायचं काम आवटींकडे यायचं. माणूस मूळचा मिरजेचा. दोन-तीन वर्षं काढू आणि बदली मागून परत जाऊ, असं ठरवून चंदीगडला आलेला. ते राहूनच गेलं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा त्यांनी शहराबाहेर मुल्लानपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. समोर गव्हाचं शेत, बाजूला नव्या इमारतींचं बांधकाम, आणि खिडकी उघडी राहिली की घरभर सिमेंटची धूळ.

त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या पत्नी सुशीलाताई मिरजेला गेल्या. त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, चार-सहा महिने तरी तिथं राहणं भाग होतं. इकडे घरात उरले आवटी आणि त्यांची सव्वीस वर्षांची मुलगी रेवा. पहिल्याच आठवड्यात आवटींच्या ध्यानात आलं, की मुलीशी आपलं बोलणं आजवर सुशीलामार्फतच चालत आलं होतं. ते मराठीत विचारायचे, रेवा हिंदीत उत्तर द्यायची आणि मधला धागा सुशीला जोडून द्यायची. रेवाला मराठी कळत नव्हती असं नाही, सगळं कळायचं. पण दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती. आता जेवताना भाजीत मीठ बरोबर आहे ना, एवढं विचारून झालं की दोघं आपापल्या ताटात बघत बसायचे.

रेवा मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायची. घरी आली की खोलीचं दार लावून कानाला हेडफोन चढवायची, आणि मग भिंतीपलीकडून तिच्या हाका ऐकू यायच्या, "लेफ्ट, लेफ्ट! पीछे है, पीछे!" पाच मुलींचा संघ होता त्यांचा. एक नागपूरची, एक गुवाहाटीची, बाकीच्या कुठकुठल्या. एकमेकींना प्रत्यक्ष कधी भेटलेल्या नव्हत्या, पण संगणकावरचा तो बंदुकांचा खेळ मात्र जिवाच्या कराराने खेळायच्या. आवटींना हे सगळं पोरखेळ वाटायचं. ते तसं बोलून दाखवत नसत, पण रेवाला ते न बोलताही कळायचं.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी हाका एकदम थांबल्या आणि दाराखालून जळका वास आला. आवटी हातातलं वर्तमानपत्र टाकून उठले. नोकरीत या वासाने त्यांना कितीदा तरी असंच उठवलं होतं. ते दार न वाजवता आत शिरले, भिंतीवरचं बटण बंद केलं, वाकून संगणकाच्या पेटीचा मागचा भाग हुंगला.

"पॉवर सप्लाय गेला," ते म्हणाले.

रेवा खुर्चीत तशीच बसून होती. डोळ्यांत पाणी. "मॅच चल रहा था, बाबा. बीच में ही."

"पाणी देऊ का?" एवढंच त्यांनी विचारलं.

जळताना त्या सप्लायने आणखीही बरंच काही सोबत नेलं होतं. रेवाने नवाच संगणक घ्यायचं ठरवलं. जुलैत त्यांच्या खेळाची मोठी स्पर्धा होती, आणि त्यासाठी तिने पगारातून पैसे बाजूला टाकलेले होतेच. सेक्टर बावीसमधल्या एका दुकानातून ती यादी करून घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून आंघोळीला गेली. आवटींनी सहज चष्मा लावून ती वाचली. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम; प्रत्येकापुढे कंपनी, मॉडेल, सगळं तपशीलवार. रंगीत दिव्यांच्या काचेच्या कॅबिनेटला तर दोन ओळी. आणि पॉवर सप्लायपुढे नुसतं '६५० वॅट'. ना नाव, ना गाव.

रेवा बाहेर आली तेव्हा तिचे वडील यादी हातात धरून उभे होते.

"हे सहाशे पन्नास कसले? सतत देणार की क्षणभर? उन्हाळ्यात, पेटी तापलेली असताना किती देणार?"

"बाबा, वो बस पॉवर सप्लाय है।"

"बस?" आवटी खुर्चीत बसले. मग त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली. प्रयोगशाळेत एकदा प्रकाश मोजायच्या यंत्राचा आकडा स्थिर राहीना. सहा दिवस सगळ्यांनी भिंगं तपासली, आरसे पुसले, शास्त्रज्ञांनी आपलं गणित पुन्हा मांडून पाहिलं. सातव्या दिवशी आवटींनी वीजपुरवठा बदलला आणि आकडा जागचा हलला नाही. "आत कितीही हुशार यंत्र असू दे, त्याला नीट खायला मिळालं नाही तर ते काय करणार?"

रेवाला हसू आलं. एवढं सलग बोलताना तिने वडिलांना फार दिवसांनी ऐकलं होतं.

"आणि मला सांग," आवटी म्हणाले, "हे यंत्र तुला नेमकं कशासाठी हवंय? ते ठरल्याशिवाय यादी करायची नसते."

मग रेवाने एका मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणला आणि वडिलांना शेजारी बसवून खेळून दाखवलं. आवटी तासभर बघत राहिले. भिंतीमागून शत्रू डोकावतो, दिसतो न दिसतो तोच नेम धरायचा. त्यांच्या लक्षात आलं, की चित्र किती सुंदर दिसतं याला इथं फारशी किंमत नाही. ते किती झटपट बदलतं, यावर सगळा खेळ आहे. रेवाने समजावलं, की सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं पडद्यावर आली पाहिजेत, आणि मधे कुठंही अडखळता कामा नये.

"मग या यादीत चूक आहे," आवटी म्हणाले. "ग्राफिक्स कार्ड सगळ्यात भारी घेतलंय आणि मॉनिटर साठ चित्रंच दाखवणारा. बाकीची एकशे ऐंशी जाणार कुठं?"

रेवा त्यांच्याकडे बघत राहिली. हे तिला ठाऊक नव्हतं असं नव्हे. दुकानदाराच्या बोलण्याच्या भरात नजरेतून सुटलं होतं.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात दुसरा विषय नव्हता. आवटी सकाळी फिरून आले की मोबाइलवर संगणकाची माहिती काढून वाचत बसायचे, न कळलेले शब्द कागदावर लिहून ठेवायचे, आणि रेवा संध्याकाळी ते समजावून सांगायची. ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्यायचं ठरलं, प्रोसेसर एक पायरी वरचा, आणि मॉनिटर दोनशे चाळीस चित्रांचा. काचेच्या कॅबिनेटवरून मात्र जोरदार वाद झाला. रेवाला ते दिवे आवडले होते. आवटी म्हणाले, मे महिन्यात इथं त्रेचाळीस डिग्री होतं, बाजूला बांधकाम आहे, यंत्राला श्वास घ्यायला जागा नको? पुढून जाळी हवी आणि जाळीला धूळ अडवणारा पडदा हवा, तोही काढून धुता येणारा. रेवा दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी तिनेच जाळीचं कॅबिनेट शोधून काढलं, आत एका बाजूला बारीकसा जांभळा दिवा असलेलं. आवटींनी दिव्याला हरकत घेतली नाही.

शनिवारी दोघं रेवाच्या स्कूटरवरून सेक्टर बावीसला गेले. दुकानदार हरविंदर बोलायला गोड होता. "अंकल जी, आप टेन्शन मत लो, असेंबल करके घर पहुँचा दूँगा।" आवटींनी दोन पॉवर सप्लाय मागितले, दोन्ही हातांत एकेक घेऊन वजनं पारखली, खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला आणि हलका होता तो परत केला. "जोडायचं आम्ही घरीच," ते हिंदीत म्हणाले. रेवाने चमकून बघितलं. हे आधी ठरलं नव्हतं. पण वडिलांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला होता, की तिने सगळं सामान तसंच बांधून घेतलं.

रविवारी दुपारी जेवणाचं टेबल रिकामं करून त्यावर धुतलेली पांढरी चादर अंथरली गेली. मदरबोर्ड मधोमध. त्यात प्रोसेसर बसवायची चौकोनी खाच, म्हणजे सॉकेट, आणि त्या सॉकेटात केसापेक्षाही नाजूक अशा सतराशे सोनेरी पिना रांगेने उभ्या. त्यावर प्रोसेसर अलगद, सपाट ठेवायचा असतो, बाजूला सरकवायचासुद्धा नसतो.

"मी ठेवतो," आवटी म्हणाले.

त्यांनी प्रोसेसर दोन बोटांत धरला, सॉकेटावर आणला आणि अगदी शेवटच्या क्षणी हात थरथरला. प्रोसेसर सुटला. त्याचा एक कोपरा पिनांवर टेकला आणि तो कलंडला.

आवाजसुद्धा झाला नाही. आवटींनी तो उचलून बाजूला ठेवला आणि वाकून पाहिलं. तीन पिना वाकल्या होत्या. बाकी सगळ्या एका दिशेने चमकत होत्या, त्या तिघी तेवढ्या नाहीत. क्षणभर त्यांच्या मनात आलं, बोर्ड दुकानातूनच असा आला असेल म्हणावं. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"माझ्या हातून पिना वाकल्या," ते म्हणाले. "बोर्ड खराब केला मी तुझा."

रेवाने बोर्डाकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या हाताकडे बघत होती. "बाबा, ये हाथ कब से काँप रहा है?"

"कुठं काय."

"चहाचा कप तुम्ही अर्धाच भरता," रेवा मराठीत म्हणाली. तिचे शब्द अडखळत होते, पण तिने हिंदीकडे वळायचं टाळलं. "पेपरवर सही करताना दुसरा हात धरता. मी बघते सगळं. आईला माहीत आहे?"

आवटींनी मान हलवली. नाही. निवृत्तीच्या आदल्या वर्षीच सुरू झालं होतं ते. शेवटचं यंत्र त्यांनी हाताखालच्या माणसाकडून जुळवून घेतलं होतं, डोळे दुखतात असं सांगून. चौतीस वर्षं ज्या हातांच्या भरवशावर सगळी प्रयोगशाळा निर्धास्त असायची, ते असे झालेत हे कुणाला सांगायचं? आणि कशाला? आज मुलीसमोर त्यांना वाटलं होतं, निदान एकदा तरी हात साथ देतील.

ते उठून आत गेले. रेवाला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. पण पाच मिनिटांनी ते एक लहानशी डबी घेऊन आले. आत डोळ्याला लावायचं घड्याळजीचं भिंग होतं आणि सुईसारख्या टोकाचा चिमटा.

"मला जमणार नाही हे," ते म्हणाले. "पण कसं करायचं ते ठाऊक आहे. तू करशील?"

रेवाने भिंग डोळ्याला लावलं. आवटींनी तिचं मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं, कोपराखाली उशी दिली.

"ओढू नकोस. खालून आधार दे आणि उचल. एकदम सरळ करायला जाऊ नकोस, तुटेल. थोडी उचल, थांब, बघ. श्वास सोड आणि मगच हात हलव."

"ते मला येतं," रेवा भिंगातून नजर न काढता म्हणाली. "नेम धरताना मी तेच करते."

आवटी तिच्या बोटांकडे बघत राहिले. बोटं दगडासारखी स्थिर होती. दार लावून घेतलेल्या त्या खोलीत ही पोरगी काय करत होती एवढी वर्षं, ते त्यांना आता दिसलं. पहिली पिन उभी राहिली. बाहेर बांधकामावरचं मिक्सर घरघरत होतं. दुसऱ्या पिनेला पाऊण तास लागला. तिसरी झाली तेव्हा रेवाच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि आवटींनी तो आपल्या रुमालाने, भिंगाला धक्का न लावता, टिपला.

प्रोसेसर रेवानेच ठेवला. सगळं जोडून झालं, बटण दाबलं, पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. दोन मिनिटं दोघं पडद्याकडे बघत उभे होते. पहिल्यांदा सुरू होताना मेमरी तपासायला वेळ लागतो हे रेवाने वाचलं होतं, तरी तिचा जीव टांगणीला लागला. मग पडद्यावर अक्षरं उमटली. आवटींनी सुस्कारा सोडला. पण रेवाच्या कपाळावर आठी पडली. बत्तीसऐवजी सोळाच जीबी मेमरी दिसत होती. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक यंत्राला सापडतच नव्हती.

"तिसरी पिन," आवटी म्हणाले. "पुरती वर आली नसणार." ते खुर्चीत बसले. फार थकल्यासारखे दिसत होते. "राहू दे, रेवा. एवढ्यावर चालतंय ना, चालू दे."

रेवा हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही आजवर कधी 'चालू दे' म्हणालात? एकदा तरी?"

आवटींनी नजर खाली वळवली.

"मग आज पण नाही म्हणायचं. भिंग द्या."

सगळं पुन्हा सोडवलं गेलं. प्रोसेसर निघाला. तिसरी पिन शेजारणींपेक्षा किंचित, नखाच्या टोकाहूनही कमी, खाली होती. आवटी टॉर्च धरून बसले. उजेड हलू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, तरी हलत होता. रेवाने आपला डावा हात त्यांच्या हातांवर ठेवला, उजेड स्थिर झाला, आणि तिने उजव्या हाताने पिन उचलली.

या वेळी बत्तीस दिसले.

पुढच्या आठवड्यात रेवा त्यांना मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्यांना कागदावर गोल काढायला लावले, हवेत हात धरायला लावले, चालवून पाहिलं. मनात ज्याची भीती होती तो कंपवात नव्हता. वयानुसार पुष्कळांना होतो तसा कंप होता. गोळीने थोडा कमी होईल, पुरता जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी आवटींनी मिरजेला फोन लावला आणि सुशीलाताईंना सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्या पाच मिनिटं रागावल्या, मग रडल्या, मग गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते त्यांनी विचारलं.

जुलैत स्पर्धा झाली. यंत्राने एकदाही दगा दिला नाही, पण रेवाचा संघ दुसऱ्या फेरीतच हरला. हेडफोन काढून ती बाहेर आली तेव्हा आवटींनी वरण गरम करून ताटं घेतली होती. समजूत कशी घालायची असते ते त्यांना काही येत नव्हतं. त्यांनी तिच्या भातावर तूप वाढलं, थोडं ताटाबाहेर सांडलं, त्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही.

"शेवटच्या डावात तुम्ही पाचही जणी एकाच बाजूने का गेलात?" त्यांनी विचारलं.

रेवाने मान वर केली. "तुम्ही बघत होतात?"

"दारातून."

"अहो बाबा, तेच तर!" ती म्हणाली, आणि वाटी, चमचा, मिठाची डबी टेबलावर मांडून, कुठं भिंत होती, कोण कुठं लपलं होतं, संघातल्या प्राचीने हाक द्यायला उशीर कसा केला, ते अर्धं मराठीत अर्धं हिंदीत त्यांना सांगू लागली. आवटींनी मिठाची डबी जरा डावीकडे सरकवली आणि विचारलं, "आणि ही इथं असती तर?"

रेवा विचारात पडली. वरण निवत गेलं.