तारेविना बांधलेल्या माशा

देवळाली कॅम्पातल्या रस्त्यांवर मी डोक्यावर पेरूची पाटी घेऊन ओरडत हिंडलो होतो. पुढे त्याच रस्त्यावर माझं दुकान झालं. साहेबांच्या टोप्या, कंदिलाच्या काचा, मासे धरायचे गळ, काय हवं ते मागा. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. दुकान कुणाच्या मेहरबानीने मिळालं नव्हतं, त्यामुळे कुणी वरचढ बोललं की माझं डोकं फिरायचं.

छावणीतला एक मेजर उन्हाळ्यात रजा घेऊन काश्मीरला जाई. तिथल्या थंड ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो, त्याच्यासाठी. एकदा त्याने काडेपेटीतून एक बारीक गळ काढून माझ्यापुढे ठेवला. गळाला किड्याचं सोंग दिलेलं होतं. मोराच्या पिसाचं काळपट अंग, शेपटीला तीन केस. साहेब त्याला माशी म्हणत. तशा दोन डझन त्याला हव्या होत्या. त्याने समजावूनही सांगितलं. हा किडा अजून पंख न फुटलेला, तळाच्या दगडांखाली राहणारा. म्हणून याच्या पोटात तांब्याची तार भरतात. तो बुडलाच पाहिजे.

मला सगळं समजलं होतं. हे आधीच लिहून ठेवतो.

नाशकात सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत एक पटवेकरी चाचा राहत. दागिने रेशमात गुंफायचं त्यांचं काम. सराफ सोन्याचे मणी त्यांच्या पुढ्यात ओतून जात, चिठ्ठी नाही की पावती नाही. त्यांची सगळी रोजी त्या विश्वासावर चाले.

चाचांनी माशी उलटसुलट करून पाहिली आणि हसले. "शेठ, बायकांना नटवता नटवता म्हातारा झालो, आता किड्यालाही नटवू?"

रेशमाचं एक टोक त्यांनी पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि धागा ताणला. धागा गळाभोवती फिरवायचा सोडून ते गळच बोटांत फिरवू लागले. आधी रेशमाचा एक थर, तार घसरू नये म्हणून. मग केसासारखी बारीक तार, वेढ्याला वेढा चिकटवून, आणि छातीपाशी दुहेरी, कारण किडा तिथे फुगीर असतो. शेपटीला तित्तिराच्या पिसाचे तीन केस, वर मोरपिसाचा तंतू, आणि शेवटी पोत संपवताना घालतात ती गाठ. वाटीतल्या पाण्यात सोडल्याबरोबर माशी डोकं खाली करून तळाला गेली.

अशा सहा झाल्या आणि चाचांकडची तार संपली. मी तांबट आळीत गेलो. तारवाल्याने भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. तो शेजाऱ्याकडे बघून म्हणाला, "शेठना वाटतं पेरूच आहेत!"

आळीतली माणसं हसली. तार तिथेच टाकून मी निघालो, तो थेट चाचांकडे. "तार राहू द्या. आत सूत भरा. वरून कोण बघतंय?"

"शेठ, बुडायची चीज आहे ती."

"बांधता का दुसरा बघू?"

त्यांनी बांधल्या.

चाचा माल घेऊन दुकानात आले त्याच वेळी मेजर आला. कंदिलाची काच घ्यायला आलेले एक सराफही तिथे होते. मेजरने पाण्याचा ग्लास मागितला. पहिली माशी बुडाली. दुसरी तरंगली. तिसरीही तरंगली.

"ये मच्छी पकडेगा?" मेजर म्हणाला. "ये तो बतख है!"

सराफ खो खो हसले. माझे कान तापले.

"साहेब, तार मी दिली होती. यानेच खाल्ली," मी म्हणालो, आणि चाचांकडे वळलो. "काय रे, कुठे विकलीस?"

रोज ज्यांना 'तुम्ही' म्हणत होतो त्यांना. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग सराफांकडे. ग्लासातल्या माशा बोटांनी वेचल्या, सदऱ्याला पुसल्या आणि निघून गेले.

आठ दिवसांत त्यांच्याकडे सोनं येईनासं झालं. गल्लीतून जाताना मी पाहिलं, ते पोरांचे करदोडे विणत बसले होते. मला त्यांचाच राग आला. हा माणूस तेव्हा बोलला का नाही? तोंडावर मला खोटं पाडलं असतं, तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि गोष्ट तिथेच संपली असती. खरं सांगतो, तो राग अजून पुरता गेलेला नाही.

शेवटी मी त्याच तारवाल्याकडून, सांगेल त्या भावाने, तार घेतली आणि चाचांच्या दारात गेलो.

"तेव्हा बोलला का नाहीत, चाचा?"

"तुमच्या दुकानात, तुमच्या गिऱ्हाइकासमोर, तुम्हाला खोटं पाडू? आम्ही कारागीर ते करत नाही, शेठ." त्यांनी तार माझ्याकडे सरकवली. "बोलायचं काम तुमचं होतं. आधी सराफांकडे जा."

गेलो. रस्ताभर वाक्य घोकलं होतं. तार मी दिलीच नव्हती. पेढीवर आणखी दोघे बसले होते. सराफांनी तक्क्या दिला, पान पुढे केलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "ती तार सापडली. माझ्या दुकानातच पडली होती."

"वा! स्वतः सांगायला आलात," सराफ म्हणाले. "मोठं मन लागतं, शेठ."

मी पान चघळत बसलो.

मणी पुन्हा चाचांकडे येऊ लागले. मला वाटलं, झालं. तार घेऊन परत गेलो. "मेजरची रजा जवळ आली, चाचा."

अंगठ्याला धागा होता, मांडीवर सोनं होतं. त्यांनी मान वर केली नाही. "तार सापडली म्हणालात ना? मग आता तुम्हीच बांधा."

दुपारी दुकानाची फळी लावून मी पायातला जोडा काढला आणि अंगठ्याला रेशीम बांधलं. धागा तुटे, तार घसरे, पीस निसटे. कितीतरी गळ वाया गेल्यावर सहा वेड्यावाकड्या माशा झाल्या. मेजरने एकेक ग्लासात सोडली. सगळ्या बुडाल्या.

"अच्छा," तो म्हणाला. "तुम्हारा आदमी सुधर गया."

मीच बांधल्या म्हटलं असतं, तर का, ते सांगावं लागलं असतं.

"हां, साहेब," मी म्हणालो.