तंबूतली सनई

चाकणच्या आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले, आणि पोह्यांच्या बश्या उचलायच्या आत मी मनातल्या मनात नकार देऊन टाकला होता... तोही एका सिनेमाच्या पार्श्वसंगीतावरून. इथे ग्रुपवर दोन दिवस पार्श्वसंगीतावर मतं चालली आहेत, म्हणून लिहिते. पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे.

आधी माझा स्वभाव सांगते. भाजीवालीचं पारडं उलटं करून खाली मेण चिकटवलंय का बघणारी मी. त्यात आधीचं एक स्थळ पार साखरपुड्यापर्यंत जाऊन मोडलं होतं... सांगितलेली नोकरी मुलाला नव्हतीच. त्यानंतर मी ठरवलं होतं, लग्नाशिवाय राहीन, पण फसणार नाही.

हा मुलगा पिंपरीला औषधाच्या कारखान्यात होता, मूळचा कोकणातला. सिनेमा बघता का, असं त्यानेच विचारलं. त्याच आठवड्यात आमच्या बाजारतळावर तंबूतला सिनेमा लागला होता आणि मी तो बघितला होता. नाव लिहीत नाही, नाहीतर कमेंटमध्ये त्याच्यावरूनच भांडण जुंपेल.

तो म्हणाला, हा सिनेमा मी पुण्यात तीनदा पाहिलाय. तीनदा... मला लगेच शंका आली. मी विचारलं, आई मुलाला मामाकडे सोडून निघते, तिथली सनई कशी वाटली?

"तिथे सनई नाही," तो शांतपणे म्हणाला. "संगीतच नाही. नुसती तिची पावलं वाजतात."

झालं. मी ती सनई ऐकून पदर ओला केला होता. याने सिनेमा बघितलेलाच नाही आणि थाप तीनदाची मारतोय, हे मला उघड दिसलं. सिनेमाचं असं, तर नोकरीचं कसं असेल?

पाहुणे गेल्यावर दादांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं. "एका सनईपायी सोयरीक मोडती व्हय?" असं म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी एसटीने पिंपरीला जाऊन कारखान्याच्या फाटकावर चौकशी करून आले. नोकरी खरी निघाली. मी म्हटलं, नोकरी खरी असेल, माणूस खोटा आहे.

तेवढ्यात मध्यस्थाकडून तिकडचाही निरोप आला... मुलगी न बघितलेल्या सिनेमाबद्दल बढाया मारते, असं मुलाचं म्हणणं आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं तो बोलणार आणि खोटी मी ठरणार?

तंबू उठायला दोनच दिवस होते. आत्याला घेऊन मी परत गेले, खात्री करायला. बायका कनातीच्या अलीकडे, पुरुष पलीकडे. आई उठली, उंबऱ्याबाहेर पडली... आणि वाजली सनई. मी आत्याचा हात घट्ट धरला. बघ, म्हटलं, मी खोटी नाही.

एवढ्यात पुरुषांच्या बाजूला कोणीतरी उभं राहिलं आणि पडद्यावर डोक्याची सावली पडली. लोक ओरडले, "ए, बस की खाली..." मी कनातीच्या फटीतून बघितलं. तोच होता. पडद्याकडे पाठ करून मशीनकडे बघत होता. पिंपरीहून दहा-बारा मैल सायकल मारत आला होता, माझं खोटं पकडायला.

खेळ सुटल्यावर तो ऑपरेटरशी बोलत उभा राहिला. मी आत्याला ओढत मागच्या बैलगाडीच्या आडोशाला नेलं. असं चोरून ऐकणं शोभत नाही, हे मला माहीत होतं... पण राहवेना.

"त्या रिळाचा आवाज पार गेलाय," ऑपरेटर सांगत होता. "नुसती खरखर येती. लोकं शिट्ट्या मारत्यात. मग मी तिथं आवाज बंद करतो आन् ही सनईची तबकडी लावतो. सुरुवातीला भोंग्यावर लावतो ना, त्यातलीच हाय."

म्हणजे सिनेमात सनई नव्हतीच. बरोबर तोच होता, आणि आता घरी येऊन चारचौघांत ते सांगणार. मी याला खोटा म्हटलेलं सगळ्या नात्यात पसरलं होतं.

त्याने वळून आम्हाला पाहिलं. जवळ आला. माझ्याकडे न बघता आत्याला म्हणाला, "आत्याबाई, त्यांना सांगा, सनई आहे. मी आत्ता ऐकली. उगाच खोटं ठरवलं, चुकलं माझं."

एवढंच... तबकडीबद्दल अवाक्षर नाही. मला परत संशय. गोड बोलून घेतोय का हा? न राहवून मीच बोलले, "आम्ही ऐकलंय सगळं. तबकडीचं का नाही सांगितलं?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "तुम्ही ऐकली होती ना? मग खोटं काय बोललात तुम्ही?"

घरी आल्यावर आत्या दादांना एवढंच म्हणाली, "पोरगं चांगलं हाय. हिला इचारू नका आता, तारीख धरा."

लग्नानंतर यांनी मला पुण्याला नेऊन तो सिनेमा दाखवला. आई निघाली, आणि खरंच नुसती पावलं... माझं मत विचाराल तर सनईच बरी होती. यांचं मत शेवटपर्यंत पावलांचं. यावर आम्ही पन्नास वर्षं भांडलो आणि दोघांनीही माघार घेतली नाही.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून दूधवाल्यावर, बँकेवर, डॉक्टरवर, सगळ्यांवर संशय घेते. यांच्यावर मात्र त्या संध्याकाळनंतर घेता आला नाही... घेऊन बघितला, नाही असं नाही.