धाकटीच्या कानात सांगायचा शब्द

खरं सांगायचं तर मी धाकट्या बहिणीवर लई जळायची. मी दहा वर्षांची, ती सात. दुधावरची साय तिला, रिक्षात आईशेजारची जागा तिला, आईची मांडी तर जन्माचीच तिला. का, तर ती मधेच थांबायची म्हणून.

उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो आम्ही. जेवताना घास हातात धरून ती एकदम गप्प व्हायची. डोळे एका जागी लागायचे, पापण्या लवलवायच्या. दहा-पंधरा सेकंद. मग काहीच घडलं नाही अशा थाटात घास तोंडात. शाळेत बाई लक्ष नाही म्हणून तिला उभं करायच्या, आणि मला तर ते चक्क सोंग वाटायचं. एकदा सिल्लोडहून आलेल्या मामीनं कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. तोवर ती भानावर आलेली, कांद्यानंच रडायला लागली. तिला आईनं मांडीवर घेतलं आणि तो कांदा माझ्या ताटात आला.

शेवटी आई आम्हाला डॉक्टरबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी धाकटीला कागदाचं भिरभिरं दिलं आणि जोरजोरात फुंकायला सांगितलं. दोन-तीन मिनिटांत ती जेवताना थांबायची तशीच थांबली. बाई मोठ्यानं ‘मांजर’ म्हणाल्या. भानावर आल्यावर विचारलं तर हिला काही पत्ताच नाही. बाई आईला म्हणाल्या, हा झटकाच आहे, सोंग नाही. कान काही बंद होत नाहीत. आवाज आत जातो, पण तेवढा वेळ मेंदूत एकच मोठी लाट उसळलेली असते, म्हणून आलेल्या आवाजाचं पुढं काय करायचं ते मेंदूला जमत नाही. कुणाला काहीच कळत नाही, कुणाला ऐकू येतं पण बोलता येत नाही. हिचं कसं आहे ते बघायला हवं. गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ती थांबली की कानाशी ‘पेरू’ म्हणायचं, मग काय ऐकलं ते विचारायचं आणि वहीत लिहायचं. शब्द तिला आधी कळू द्यायचा नाही.

म्हणजे आता माझं खेळणं सोडून मी हिच्या मागं फिरायचं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

दोन दिवस इमानदारीत ‘पेरू’ म्हटलं. दोन्ही दिवस तिनं मान हलवली, काय नाय ऐकलं. तिसऱ्या दिवशी ती थांबली आणि आईनं माझ्या वेण्या अर्ध्यात सोडून तिच्याकडं धाव घेतली. आई पाणी आणायला आत गेली तशी मी वाकले आणि तिच्या कानात म्हणाले, “तू नसतीस तर बरं झालं असतं.”

भानावर आल्यावर विचारलं. काय नाय, म्हणाली. मला असं गार गार वाटलं! मग काय, रोज तेच. वहीत मात्र लिहायची, ‘पेरू – नाही’.

महिन्यानं पुन्हा डॉक्टरबाईंकडं गेलो. बाईंनी वही चाळली आणि धाकटीलाच विचारलं, ताई कानात सांगते ते एकदा तरी ऐकू आलं का? तिनं माझ्याकडं बघितलं.

“आलं,” ती म्हणाली. “पेरू.”

बाई खूश झाल्या. परत येताना आई औषधाच्या दुकानात शिरली, तेव्हा मी धाकटीला पायरीवर बसवून विचारलं, पेरू कसं कळलं तुला? म्हणाली, तुझ्या वहीत वाचलं.

“मग ऐकलं काय?”

“कधी कधी येतं ऐकू. तू लई लांबून बोलतीस असं वाटतं,” ती म्हणाली. “मला म्हणायचं असतं, ताई, नको ना म्हणू. पण तोंडच हलत नाय.”

“आईला सांगितलं नाय मी,” हेही तिनंच वर सांगितलं.

घरी येऊन मी वही आईपुढं ठेवली आणि खोटं काय लिहिलं, खरं काय बोलले, ते सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता पाठ सडकून निघणार. आईनं मारलं नाही. तिनं वही मिटून बाजूला ठेवली. एका मांडीवर धाकटी होतीच. दुसरी मांडी थापटून आई मला म्हणाली, ये. आणि मला काही केल्या तिथं बसवेना.