मामींनी कुंकू लावलेली टॅक्सी

लंडनमधल्या क्रॉयडनला एका दुकानावरच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. बाबा हॉस्पिटलच्या लाँड्रीत होते. ओल्या चादरींच्या ट्रॉल्या ओढून त्यांची पाठ गेली आणि मग कामही गेलं. आई ऑफिसं साफ करायची, आणि तेही पहिली ट्राम सुटायच्या आधी पोचायला लागायचं. त्या वर्षी थंडीत आई काळोखात चालत निघायची. एक दिवस तिच्या शेजारी एक मिनीकॅब, म्हणजे खाजगी टॅक्सी, थांबली, काच खाली आली आणि आतून मराठीत आवाज आला, "अहो बाई, पायांवर राग आहे का? बसा."

त्या मामी. नात्याने त्या आमच्या कुणीच नव्हत्या, पण क्रॉयडनमधल्या सगळ्या मराठी घरांच्या मामी होत्या. नवरा गेल्यावर घरी न बसता त्यांनी त्याच्या मिनीकॅबचं स्टिअरिंग हातात घेतलं. त्या दिवसापासून आईला कामावर नेण्याचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि कधी चुकवलंही नाही. परत येताना मला आणि धाकट्या भावाला शाळेत सोडायच्या.

मामी शिव्यासुद्धा अहो-जाहो करून द्यायच्या. काचा बंद, चेहरा शांत, आणि समोर घुसलेल्या व्हॅनवाल्याला उद्देशून, "या, या गाढवमहाराज, तुमचंच ताट वाढून ठेवलंय पुढे." आम्ही मागे बसून फिदीफिदी हसायचो. हॉर्न मात्र त्या वाजवायच्या नाहीत. म्हणायच्या, "बोंब मारणाऱ्याला वाट देतात गं, पण मान देत नाहीत."

माझे बाबा चौथी शिकलेले. आई तेवढीही नाही. मला फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या घरात कॉलेज म्हणजे काय हे सांगणारं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी मी सवयीने पुढे मामींच्या शेजारी बसायला गेले, तर त्या ओरडल्या, "मागे बस. आज तू पॅसेंजर." कॉलेजच्या दारात त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या आणि त्यांनी माझं दार उघडून धरलं. आजूबाजूची मुलं बघत होती. मला लाजही वाटली आणि छातीही फुगली. पदवीच्या दिवशी गाऊन घालून फोटो काढला, त्यात आई-बाबांच्या मध्ये मामी उभ्या आहेत.

नंतर गाव वाढत गेलं. ट्राम संपते त्याच्याही पलीकडे शेतं होती, तिथे नवी वसाहत झाली. मामींनी आयुष्यभर राबून तिथे एक छोटं घर घेतलं. त्यांचं पहिलं स्वतःचं घर. रस्त्यांना झाडांची नावं होती. मामी म्हणायच्या, "ओक, ॲश, विलो, सगळी पाट्यांवर आहेत. सावलीला पाटीखाली बसायचं." बस येणार, दुकान येणार, दवाखाना येणार असं सगळे सांगायचे. घरं आली, बाकीचं रस्त्यातच राहिलं. पण मामींकडे गाडी होती, त्यामुळे त्यांचं काही अडत नव्हतं.

मग काचबिंदू निघाला. कडेचं दिसणं कमी झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामींनी त्याच दिवशी फोन करून आपलं लायसन्स परत करायचं कळवलं. मी म्हटलं, "मामी, थोडं थांबायचं तरी." "कशाला? कुणाचं तरी पोर सायकलवर येईपर्यंत?" गाडी विकायला नेली तेव्हा मात्र त्या बाहेर आल्या नाहीत.

त्यांचा मुलगा मंदार लेस्टरला असतो. चांगला मुलगा आहे. "आई, तिथे एकटी कशी राहशील? वरची खोली तुझीच आहे," असं तो दर रविवारी सांगायचा. मामी मला म्हणायच्या, "खोली माझी, पण चहाची वेळ सुनेची आणि टीव्ही नातवंडांचा. मी तिथे पाहुणी होऊन किती दिवस बसू?" शेवटी मायलेकांचं ठरलं: दिवाळीपर्यंत मामींना एकटीने दवाखाना आणि बाजार जमला तर ठीक, नाहीतर लेस्टर. तोवर कामावरून सुटले की मी त्यांना हवं तिथे न्यायची. मला मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये जागा मिळत होती. ते मामींना ठाऊक होतं आणि त्याचंच त्यांना ओझं झालं होतं.

त्याच सुमारास वसाहतीत ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सी फिरायला लागल्या. मामींच्या जुन्या टॅक्सीवाल्या सोबत्यांचा जळफळाट झाला. मामी म्हणाल्या, "त्यांचं चूक नाही. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण इतक्या लांब माझ्या दाराशी त्यांच्यातलं कुणी येत नाही, हेही खरंच आहे ना?"

डोळ्यांच्या तपासणीची तारीख नेमकी दसऱ्याची आली. मंदार मुद्दाम आला होता, मीही होते. मामींनी हट्टाने सांगितलं की गाडीत दोघांपैकी कुणीही बसायचं नाही. टॅक्सी आली. आम्ही फोनमध्ये बघतोय तोवर मामी तबक घेऊन पुढे झाल्या. दसऱ्याला गाडी पुजल्याशिवाय त्या कधी बसल्याच नव्हत्या. बॉनेटवर झेंडूची माळ आणि पुढच्या काळ्या काचेच्या गोल डोळ्यावर चांगलं ठसठशीत कुंकू. मग आत बसून त्यांनी पट्टा लावला.

गाडी जागची हलेना. आतून एका मुलीचा घाबरलेला आवाज आला. कंपनीत बसून ती गाड्यांवर लक्ष ठेवत होती. "मॅडम, कॅमेऱ्यावर काहीतरी लाल दिसतंय. कुणाला लागलंय का?"

"नो, नो, डिअर. इट इज कुंकू. टुडे इज दसरा. आय ॲम ब्लेसिंग युअर कार."

मग ती म्हणाली, "थँक यू सो मच. प्लीज, दुसरीकडे कुठे ब्लेस करता येईल का? काच साफ झाली नाही तर मला गाडी परत बोलवावी लागेल."

मंदारने कपाळाला हात लावला. "आई, म्हणूनच सांगत होतो मी..."

"तू गप रे." मामी उतरल्या. चष्म्याचं फडकं काढून त्यांनी काच पुसली, आधी फडकं ओलं करून, मग कोरडी. माळ काढली, कुंकवाचं बोट दाराच्या खालच्या कडेला टेकवलं आणि माळ मांडीवर घेऊन त्या परत आत बसल्या. "नाऊ ओके?" "परफेक्ट, मॅडम. हॅपी दसरा." टॅक्सी अलगद निघाली, वळणावर थांबली आणि गेली. मंदार रिकाम्या रस्त्याकडे बघत उभाच राहिला.

मामी तपासणी करून, येताना भाजी घेऊन, तशाच एकट्या परतल्या. टॅक्सी कशी चालवते विचारलं, तर पिशवी माझ्या हातात देत म्हणाल्या, "बरी चालवते. वळणावर जरा भित्री आहे. नवीन आहे, शिकेल." मंदारने चहा संपवला. निघताना त्याने लेस्टरच्या खोलीचं नाव काढलं नाही. म्हणाला, "दिवाळीला आम्हीच येतो इकडे. फराळ तू कर." त्याच्याही खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं मला.

माझा जीव तर असा भांड्यात पडला, की त्याच संध्याकाळी मी मँचेस्टरला होकार कळवला. निघायच्या दिवशी मामी स्टेशनवर सोडायला आल्या, कुणालाही न सांगता, एकट्या. "रडायचं नाही," म्हणाल्या आणि स्वतःच रडल्या.

आता मी मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे; आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. आणि मामी आपल्या स्वतःच्या घरात राहतात.