दोन लेन्स आणि अब्बांचा शेवटचा माग

छोटा मिररलेस कॅमेरा घेऊन वर्ष झालं, तरी त्यावर कायमची कोणती झूम लेन्स ठेवायची हे माझं ठरेना. एक सोळा-पन्नासची, मुठीत मावणारी, पण अंधारात हात टेकणारी. दुसरी सतरा-सत्तरची, २.८ची, प्रकाश भरपूर घेते, पण लावली की कॅमेरा तोंडावर पडायला बघतो. शेवटी दोन्ही भाड्याने आणल्या. तेवढ्यात सोलापूरहून मैत्रिणीचा, रुबीनाचा फोन आला. तिच्या अब्बांनी आपले यंत्रमाग विकले होते. शेवटच्या मागावर चढवलेलं सूत शनिवारी संपणार, मग तोही बंद. “चालत्या मागावर अब्बांचा एक तरी फोटो पायजे. आमच्याकडं एकबी न्हाय,” ती म्हणाली.

शुक्रवारी स्वारगेटहून एसटी पकडली. रस्ता झकास, पाच-साडेपाच तास लागतात, पण मला कुठे चैन? भिगवणला गाडी थांबली तर मी चहा सोडून दोन्ही लेन्सनी त्याच टपरीचे फोटो काढत बसले. कंडक्टरने हाक मारली तेव्हा चहा गार झाला होता.

शनिवारी सकाळी रुबीनाच्या स्कूटीवरून अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलो. (रिक्षा मिळते, पण भाडं आधी ठरवून घ्या.) एकाच शेडमध्ये चार जणांचे माग, आवाजाने कानठळ्या बसत होत्या, आणि हवेत कापसाची धूळ. तिथे लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरची वाट लावणं. म्हणून छोटीच लावून मी दाराजवळ उभी राहिले. अब्बांचा माग पार आत, शेवटच्या रांगेत. लांबून, अंधारात, फोटो हलत होते. मोठी लेन्स लावायला हवी होती, असं सारखं वाटत होतं.

तेवढ्यात अब्बांनी माझ्याकडे बघून हात उंच केला, पंजा उघडा. बटण नकळत दाबलं गेलं आणि मी ओशाळून कॅमेरा खाली घेतला. म्हातारा माणूस, कामात माझी सारखी कटकट, कंटाळले असतील. पुरे म्हणतायत तर थोडं थांबू, आणि तोवर लेन्स बदलून घेऊ. मी बाहेर आले, सावलीत बसून नीट पुसून मोठी लेन्स लावली, सेटिंग बदलली, भिंतीचे दोन फोटो काढून पाहिले.

आत गेले तर बाकीचे माग धडधडत होते आणि अब्बांचा थांबला होता.

दुपारी त्यांच्या घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी. अब्बांनी विचारलं, “तू भायेर का गेलीस गं बेटा?”

“लेन्स बदलायला.”

“व्हय व्हय,” म्हणून त्यांनी माझ्या ताटात चटणी वाढली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी परतीच्या गाडीत फोटो पाहिले. बंद मागाशेजारी उभे अब्बा २.८वर सुरेख आले होते, एकेक सुरकुती मोजावी असे. चालत्या मागाचा मात्र एकच धड, तो हात वर केलेला, जरासा हललेला. तोच रुबीनाला पाठवला आणि लिहिलं, माफ कर, यात ते मला थांबवतायत.

तिचा लगेच फोन आला. “थांबवतायत कुटं? बोलवतायत की तुला. त्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाती? मागांच्या वरनं दिसावा म्हणून हात उंच करायचा. सूत संपत आलंवतं, तू जवळ यावं म्हणून.”

मला लई, अगदी त्यांच्याच शब्दात लई, वाईट वाटलं.

भाड्याच्या दोन्ही लेन्स सोमवारी परत केल्या आणि छोटी विकत घेतली. कोणती घ्यावी असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन की छोटीला जवळ जावं लागतं, आणि मला तेच शिकायचं आहे. रुबीनाने तो फोटो मोठा करून घरात लावलाय. अब्बांना आवडला का, असं मी फोनवर विचारलं, तर तिने फोन त्यांच्याकडेच दिला.

“चांगला आलाय की,” अब्बा म्हणाले. “पण मी कुणाला बोलवतोय, ती त्यात न्हाय.”