न गळणारी ओंबी

फरात म्हणजे युफ्रेटिस नदीच्या वळणावर, भांडी अजून दगडाचीच असायची त्या काळात, एक वस्ती होती. तिथल्या सामायिक घराच्या भिंतीवर तेमूचा पंजा अकरा वेळा उमटलेला होता. मोसमातली पहिली भरलेली टोपली जी आणेल, तिनं गेरूत हात बुडवून भिंतीवर टेकवायचा, अशी तिथली रीत. अकरा मोसम तो हात तेमूचाच होता. बाराव्यात तो दुसऱ्या कुणाचा असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

टेकडीवरचा रानगहू तिच्याइतका कुणालाच कळत नसे. ओंबी पिकली की दोन-तीन दिवसांत दाणे आपोआप गळतात. आधी गेलं तर दाणा दुधात, उशीर झाला तर मुंग्यांच्या पोटात. तेमू रोज सकाळी टेकडी चढायची, दाणा दाताखाली धरून बघायची आणि नेमक्या दिवशी ओंब्यांखाली टोपली धरून काठीनं झोडपायची.

तिच्या भावाची, हुरची, बायको अशिल मात्र कायमची उशिरा. बाकीच्या बायका टेकडी उतरत असताना ही चढायला लागायची. गळून गेलेल्या रानात चार हट्टी ओंब्या लटकत असत, त्याच ती गारगोटीच्या विळ्यानं कापून आणायची.

"आली बघा मुंग्यांचं उष्टं घेऊन," तेमू म्हणायची आणि बायका हसायच्या. अशिलही हसायची, ते तेमूला जास्त झोंबायचं.

त्यातल्याच मूठभर ओंब्या अशिलनं एकदा घरामागच्या ओल्या गाळात टाकल्या. कारण एवढंच की पुढच्या वर्षी चालायला नको. जे उगवलं त्यातलंच ती दरवर्षी, तशीच उशिरा, कापून पुन्हा तिथं टाकत गेली. कितीतरी मोसम असेच गेल्यावर तिथला गहू पार नदीपर्यंत पसरला. शिकारीवरून परतणारे पुरुषही वाट वाकडी करून तो बघायला थांबू लागले. एक दिवस हुर सगळ्यांसमोर म्हणाला, हरणं लांब गेलीत, आता त्यांच्यामागे कशाला फिरायचं, बायकोच्या गव्हाशेजारीच राहू. लहानपणी तो तेमूच्या टोपलीतलं खाऊन वाढला होता. त्या दिवशी तेमूला घास गेला नाही.

टेकडीवरचा गहू अजून हिरवट होता. खाली नदीकाठच्या उबेत अशिलचा मात्र यंदा आधीच पिवळाधमक. बारावा पंजा कुणाचा, हे आता कुणालाही दिसत होतं.

भर दुपारी वस्ती सावलीत पेंगत असताना तेमू काठी घेऊन त्या गव्हात शिरली. चार झटके दिले की दाणे चिखलात पडणार, आणि नाव वाऱ्याचं होणार. तिनं ताटं धरून गदागदा हलवली. काहीच पडलं नाही. काठीनं झोडपलं. ओंब्या वाकल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. तिनं दोन ओंब्या उपटून दाणा चावून पाहिला. टणक, पुरता पिकलेला. मग गळत का नाही? आयुष्यात पहिल्यांदा तिला गव्हातलं काही कळेना.

"आक्का, तो तसा नाही गळायचा."

अशिल मागे उभी होती, झोपेतून उठून डोळे चोळत.

"कापावा लागतो. मग दगडावर घासायचा, तेव्हा कुठं दाणा सुटतो. नसता व्याप होऊन बसलाय माझ्यामागं."

"पाखरं हाकलत होते," तेमू म्हणाली.

अशिलनं काठीकडे पाहिलं, मग मोकळ्या आभाळाकडे. "हाकललीस की सगळी," ती म्हणाली आणि कमरेचा विळा तिच्यापुढे धरला. "आलीच आहेस तर काप थोडं."

तेमूनं विळा घेतला नाही.

दोन दिवसांनी अशिलची टोपली भरली. काठीबद्दल तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं, हुरलाही नाही. तेमूला तेच जास्त खुपत होतं. गेल्या मोसमात जिचा पंजा उमटला, तिनं नवीचं मनगट धरून तिचा पंजा भिंतीवर दाबायचा असतो. तेमूनं मनगट धरलं आणि जीव खाऊन दाबलं. अशिलचे ओठ घट्ट मिटले. हात उचलला तर त्या भिंतीवर कधीच उमटला नव्हता इतका ठळक पंजा उमटला होता, तळव्याच्या रेघांसकट.

"किती मायेनं दाबलंस गं," बायका म्हणाल्या.

तेमू घराकडे निघाली. तिच्या कमरेच्या कातडी पट्ट्यात त्या दुपारच्या दोन ओंब्या खोचलेल्या होत्या. चालताना तिनं त्यांना एकदा झटका देऊन पाहिला. दाणा गळला नाही. मग टेकडीची वाट सोडून, कुठं गाळ ओला आहे ते बघत, ती नदीच्या कडेकडेनं चालू लागली.